पाळी गेल्यावर ब्लीडिंग, ‘अपुरा’ बायोप्सी रिपोर्ट आणि कॅमेऱ्याची भीती: एक पूर्ण केस

आधीच सांगतो, ही केस शिकण्यासाठी बांधलेली आहे, कुणा एका बाईची नाही. पण गायनॅक ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल. गर्भाशयाच्या कॅन्सरचा संशय आला की घरचे विचारतात ‘तपासणी सेफ आहे ना?’ आणि उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात मिळतं, हो. माझं म्हणणं असं की कुठली तपासणी, कोणत्या क्रमाने, कुठे थांबायचं आणि आलेला रिपोर्ट कसा वाचायचा, हे सगळं त्या सेफ्टीत धरायला हवं, नुसतं ‘आत काही टोचलं-फाटलं नाही’ एवढ्यावर भागत नाही.

पेशंट ६१ वर्षांच्या. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. बीएमआय ३४, डायबिटीस, बीपी. गोळ्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन (शुगरच्या), टेल्मिसार्टन (बीपीची). किडनीचं फंक्शन थोडं उतरलेलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ४८. दोन महिन्यांत तीनदा हलकं स्पॉटिंग, कपड्याला लागण्यापुरतं, दुखणं नाही काही नाही. पहिल्या दोन वेळा त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही, तिसऱ्यांदा सुनेच्या लक्षात आलं आणि ती घेऊन आली. हा उशीर कुणाच्या दोषाचा नाही, दुखत नसेल तर माणूस थांबतोच, पण पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी ते ब्लीडिंगच धरायचं. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात एंडोमेट्रियल कॅन्सर (गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर) झालेल्या बायकांपैकी ९० टक्क्यांच्या वर बायकांना आधी असं ब्लीडिंग झालेलं होतं, आणि उलट बाजूने बघितलं तर असं ब्लीडिंग होणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्क्यांनाच कॅन्सर निघाला. म्हणजे दहातल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो, पण कुणाला आहे ते तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

पहिली गोष्ट झाली ती स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) लावून नीट बघण्याची. हे लिहायची गरज पडू नये खरं तर, पण थेट सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून मोकळं होणं फार वाढलंय. रक्त योनीच्या सुकलेल्या त्वचेतून येतंय, सर्व्हिक्समधून (गर्भाशयाच्या मुखातून) येतंय, लघवीच्या जागेतून येतंय की खरोखर गर्भाशयातून, हे डोळ्यांनी बघायला दोन मिनिटं लागतात आणि सर्व्हिक्सवरची गाठ तिथल्या तिथे दिसते. इथे सर्व्हिक्स साफ होतं, तोंड मात्र अगदी टाचणीच्या टोकाएवढं आक्रसलेलं, आणि त्यातून किंचित तपकिरी स्राव.

मग टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गे सोनोग्राफी. एंडोमेट्रियम (गर्भाशयाचं अस्तर) ११ मिमी, कडा अनियमित, आत थोडं पाणी साचलेलं. पाळी गेलेल्या बाईला ब्लीडिंग होत असेल तर ४ मिमी किंवा कमी जाडी आली की कॅन्सरची शक्यता एक टक्क्याहून खाली जाते, म्हणून बऱ्याच ठिकाणी तिथे तूर्त थांबतात. पण त्या ४ मिमीला लोक लक्ष्मणरेषा समजतात ते बरोबर नाही. फायब्रॉइड असेल, गर्भाशय आडवं-तिडवं असेल, वजन जास्त असेल तर अस्तर नीट दिसतच नाही आणि न दिसलेल्या अस्तराची जाडी मोजण्यात अर्थ नसतो. शिवाय सीरससारखे कॅन्सरचे आक्रमक प्रकार पातळ अस्तरातही असू शकतात. त्यामुळे जाडी कितीही येवो, ब्लीडिंग पुन्हा झालं की टिश्यू घ्यायचाच. इथे तर ११ मिमी होती, प्रश्नच नव्हता.

त्याच दिवशी ओपीडीत पायपेल बायोप्सी. साधारण ३ मिमी जाडीची लवचिक प्लॅस्टिकची नळी, आतला दट्ट्या मागे ओढला की सक्शन तयार होतं आणि थोडा टिश्यू आत येतो. भूल नाही, ॲडमिशन नाही, गर्भाशयाला भोक पडण्याचा धोका हजारात एक-दोन. पहिल्या प्रयत्नात नळी आत गेलीच नाही. टेनॅक्युलमने (पकडायच्या चिमट्याने) सर्व्हिक्स धरून दुसऱ्यांदा हळूच घातली तर गेली, पण काकूंना घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी, पल्स ४८. डॉक्टरांनी जे काही नळीत आलं होतं तेवढं घेऊन लगेच थांबवलं, पाय वर केले, पाच-सात मिनिटांत पल्स पूर्ववत. सर्व्हिक्स ओढलं-ताणलं की अशी व्हेसोव्हेगल रिॲक्शन (नसेवर ताण येऊन पल्स आणि बीपी एकदम पडणं) येऊ शकते आणि अशा वेळी ‘आता होतंच आलंय, एकदा अजून’ हा मोह फार वाईट, कारण बंद झालेल्या सर्व्हिक्समध्ये जोर लावला की नळी किंवा साउंड (खोली मोजायची सळई) भलत्याच दिशेने भिंतीत घुसतं. थांबणं हा इथला चांगला निर्णय होता.

रिपोर्ट आला: रक्त, म्युकस, ॲट्रोफिक एपिथेलियमचे (सुकलेल्या अस्तराचे) एक-दोन तुकडे, नमुना निदानासाठी अपुरा.

खरी गडबड इथे सुरू होते. मुलाने रिपोर्ट वाचला, मोबाइलवर दोन-चार जणांना पाठवला आणि त्याचं म्हणणं पडलं, ‘कॅन्सर असं कुठे लिहिलेलं नाही ना, मग आता आईला परत त्रास कशाला?’ काकूंनाही तेच हवं होतं, पहिल्या वेळचा अनुभव ताजा होता. आणि समजा समोरचा डॉक्टर घाईत असता तर त्यानेही ‘निगेटिव्ह’ म्हणून फाइल मिटवली असती, असं होतं, नाही होत असं नाही.

पायपेलबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो, २००० सालच्या मेटा-ॲनालिसिसमधला (अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब), की पाळी गेलेल्या बायकांमध्ये ते ९९.६ टक्के कॅन्सर पकडतं. आकडा खोटा नाही. पण २०१६ च्या दुसऱ्या एका आढाव्यात याच वयोगटात जवळपास ३१ टक्के नमुने अपुरे निघाले होते, ११ टक्क्यांत नळी नीट आत जाऊन नमुना घेणंच जमलं नाही, आणि अपुरा नमुना आलेल्या ज्या बायकांची पुढे तपासणी झाली त्यांच्यात सरासरी ७ टक्के ठिकाणी कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था सापडली. अजून एक, गर्भाशय काढल्यावर मोजून बघितलं तेव्हा पायपेलने अस्तराचा सरासरी ४ टक्क्यांच्या आसपासच भाग खरवडला गेला होता. आजार सगळ्या अस्तरभर पसरलेला असेल तर ४ टक्केही पुरतात, एका कोपऱ्यात असेल तर नशिबाचा खेळ. खोलीचा एक कोपरा झाडून घरात कचरा नाही म्हणण्यातला प्रकार.

सोनोग्राफीत अस्तर पातळ असतं आणि नमुना अपुरा आला असता तर ते एकमेकांशी जुळलं असतं, घ्यायला टिश्यूच नव्हता म्हणून आला नाही. इथे जाडी ११ आणि हातात फक्त म्युकस. दोन तपासण्या एकमेकींशी भांडतायत. अशा वेळी जी तपासणी आपल्याला हवं ते सांगते ती खरी मानायची नसते, तिसरी करायची असते.

तिसरी कोणती यावर घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे चर्चा झाली. काकूंच्या बहिणीचं मत, सरळ भूल देऊन डी अँड सी (सर्व्हिक्स रुंद करून अस्तर खरवडणं) करून टाका, जुनी पद्धत आहे, सगळ्यांना माहितीय. मुलाने मात्र कुठेतरी वाचलेलं, की कॅमेरा आत घातला, पाणी सोडलं की कॅन्सरच्या पेशी नळ्यांतून पोटात सांडतात. त्यामुळे डी अँड सी बरी, हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयात कॅमेरा घालून बघणं) नको.

डी अँड सीचं आधी बघू. ती आंधळी असते, म्हणजे आत न बघता खरवडायचं. १९७५ चा एक जुना पण अजूनही उद्धृत होणारा अभ्यास आहे, गर्भाशय काढण्याच्या लगेच आधी क्युरेट केलं आणि मग ते उघडून बघितलं, तर ६० टक्के केसेसमध्ये निम्म्याहून कमी पोकळी खरवडली गेली होती, आणि हे अनुभवी हातांनी. वर पाळी गेलेल्या बाईचं गर्भाशय लहान, भिंत पातळ, आत कॅन्सर असेल तर ती भिंत अजून मऊ. या वयात डी अँड सीमध्ये भोक पडण्याचं प्रमाण जुन्या आकडेवारीत २.६ टक्क्यांपर्यंत दिलंय, पाळी चालू असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि भूल म्हणजे या बाईंच्या बाबतीत अजून एक भानगड. वजन, घोरणं (सुनेने सांगितलं, आई झोपेत मधेच श्वास थांबल्यासारखं करतात), म्हणजे स्लीप ॲप्नियाचा (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) विचार आला. आणि डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी चालू असताना उपाशी ठेवून भूल दिली तर शुगर जवळपास नॉर्मल दिसते आणि आत कीटोॲसिडोसिस (रक्तात ॲसिड साचणं, जिवावर बेतू शकतं) चालू असतो, ग्लुकोमीटर बघून कुणाला शंकाही येत नाही. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती बंद करायची असते, २०२० पासून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी संस्था) औषधाच्या माहितीतच तसं घालायला लावलंय. ‘छोटीशी डी अँड सी आहे, उद्या सकाळी उपाशी या’ म्हणणाऱ्याने गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघितलेली असते का, देव जाणे.

आता मुलाची शंका. ती हसण्यावारी न्यायची नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. हिस्टेरोस्कोपीत सलाइनने पोकळी फुगवावी लागते, प्रेशर वाढलं की सलाइन फॅलोपियन ट्यूबमधून पोटात जाऊ शकतं आणि सोबत सुट्या झालेल्या पेशीही. कॅन्सर असलेल्या बायकांमध्ये आधी हिस्टेरोस्कोपी झाली असेल तर ऑपरेशनच्या वेळी पोटातल्या धुवणात कॅन्सरच्या पेशी सापडण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं, एकत्रित आढाव्यांत हे आलंय. पण त्यामुळे बाई लवकर दगावते किंवा आजार परत जास्त येतो असं एकंदर पुराव्यात दाखवता आलेलं नाही. १९८८ च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) स्टेजिंगमध्ये पोटाच्या पाण्यात पेशी सापडल्या की थेट स्टेज ३ए धरायचे, २००९ मध्ये फिगोने तो निकष स्टेजमधून काढून टाकला, फक्त वेगळी नोंद करा म्हणाले, आणि २०२३ च्या नव्या स्टेजिंगमध्येही तो परत आणलेला नाही. डॉक्टरांनी मुलाला हे सगळं असंच सांगितलं, ‘पेशी जाऊ शकतात, त्यामुळे नुकसान होतं असं दिसलेलं नाही, तरी आपण त्या कमीत कमी जातील अशा पद्धतीने करू.’ नुसतं ‘काही होत नाही हो’ म्हटलं असतं तर पोरगा उठून दुसरीकडे गेला असता, आणि गेला असता तर त्याचं चुकलं असतं असं मी म्हणणार नाही.

ठरली ओपीडी हिस्टेरोस्कोपी, भूल न देता. त्यामुळे उपास नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत, श्वासाची चिंता नाही. तासभर आधी पॅरासिटामॉल १ ग्रॅम. नेहमी इथे आयब्युप्रोफेनसारखी गोळी देतात पण ईजीएफआर ४८ आणि वर टेल्मिसार्टन चालू, म्हणून ती टाळली. काकूंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: ‘तुम्ही हात वर केलात की मी थांबणार, कारण विचारणार नाही.’ हे फार महत्त्वाचं वाटतं मला. बऱ्याच बायकांना ही तपासणी सहन होण्यासारखी जाते, काहींना मात्र भयंकर दुखतं, आणि कुणाला किती दुखेल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून थांबण्याची सोय आणि नंतर भूल देऊन करण्याचा पर्याय, दोन्ही आधीच बोलून ठेवायचं. एक नर्स फक्त त्यांच्या डोक्याशी उभी, गप्पा मारायला आणि चेहरा बघायला, तिला दुसरं काम नाही.

स्पेक्युलम नाही, टेनॅक्युलम नाही. व्हजायनोस्कोपिक पद्धत, म्हणजे बारीक स्कोप सरळ योनीत, सलाइन सोडून जागा फुगवायची आणि डोळ्यांनी बघत सर्व्हिक्सचं तोंड शोधायचं. दुखणं कमी होतं, आणि पहिल्या वेळी सर्व्हिक्स ओढल्यामुळेच पल्स पडली होती हेही डोक्यात होतं. तोंडाशी स्कोप टेकवून नुसतं थांबायचं, ढकलायचं नाही, सलाइनच्या धारेने कॅनॉल हळूहळू उघडत जातो, पुढे काळोखी फट दिसते, स्कोपचा आकार अंडाकृती असल्यामुळे आतल्या तोंडाशी तो ९० अंशात वळवला की त्या आडव्या फटीतून जागा मिळते. जिथे समोर फट दिसत नाही आणि नुसती पांढरी भिंत दिसते तिथे पुढे जायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरीच भोकं पडायची वाचतात. प्रेशर जेमतेम दिसण्यापुरतं, ५० मिमी पाऱ्याच्या आसपास. सलाइन किती गेलं किती परत आलं याची नोंद नर्स मोठ्याने सांगत होती. गेलं ३०० मिली, परत २६०. मर्यादा फार लांब होती (तब्येत ठणठणीत असेल तर सलाइनसाठी २५०० मिलीपर्यंत तूट चालते, वय किंवा हार्ट-किडनीचा त्रास असेल तर १५००), पण मोजायचं ते फक्त फुफ्फुसात पाणी होऊ नये म्हणून नाही, सलाइन अचानक परत यायचं थांबलं तर ते भोक पडल्याची पहिली खूण असू शकते.

आत काय दिसलं? बहुतेक पोकळी फिकट, पातळ, सुकलेली. आणि डाव्या कोपऱ्यात, ट्यूबच्या तोंडाजवळ, करड्या-पांढऱ्या रंगाचा, मेंदूच्या वळ्यांसारखा उंचवटा, त्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, स्कोपचा नुसता स्पर्श झाला तरी झिरपणाऱ्या. पायपेल मधल्या भागातून फिरून आलं होतं, त्याला हे सापडणार कसं. सोनोग्राफीवरची ११ मिमी म्हणजे हा उंचवटा अधिक साचलेलं पाणी.

चिमट्याने बघून पाच तुकडे घेतले, दोन कडेचे जिथे नॉर्मल आणि बिघडलेलं एकमेकांना भेटतं, तीन मधले. सगळी गाठ काढायचा प्रयत्न नाही, ते काम आजचं नाही, रक्तस्राव आणि भोक दोन्हीचा धोका उगाच वाढतो आणि जास्त वेळ सलाइन चालू ठेवावं लागतं. स्कोप आत असल्याचा एकूण वेळ सात मिनिटं. काकूंनी हात एकदाच वर केला, अर्धा मिनिट थांबले, मग त्याच म्हणाल्या, करा पुढे.

तुकडे लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, बाटलीवर नाव, नंबर आणि ‘डावा कॉर्नू’ (गर्भाशयाचा डावा कोपरा), लेबल पेशंटसमोर लावलं आणि त्यांच्याकडूनच नाव वदवून घेतलं. प्रोसिजरच्या सेफ्टीबद्दल बोलताना बाटलीचा विषय कुणी काढत नाही. पण लेबलांची अदलाबदल झाली तर एका बाईचं गर्भाशय विनाकारण जातं आणि दुसरी कॅन्सर घेऊन निश्चिंत घरी बसते. सलाइनच्या बाटलीत विसरून राहिलेले तुकडे सडतात आणि परत एकदा ‘निदान शक्य नाही’.

घरी सोडताना कागदावर लिहून दिलं: हलकं ब्लीडिंग आणि पाळीसारखं दुखणं एक-दोन दिवस चालेल. पोट फुगणं, वाढत जाणारी दुखी, ताप, वास येणारा स्राव, तासाला पॅड भिजणं यातलं काहीही झालं तर वेळ न बघता या. अँटिबायोटिक दिलं नाही, साध्या हिस्टेरोस्कोपीला सगळ्यांना द्यायची गरज नसते.

रिपोर्ट: एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा (अस्तराच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार), ग्रेड १, म्हणजे कमी आक्रमक. पी५३ (आक्रमकपणा सांगणारं प्रोटीन) नॉर्मल. एमएमआर प्रोटीनमध्ये (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) एमएलएच१ आणि पीएमएस२ गायब. ही जोडी गेली की लिंच सिंड्रोमचा (घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष) विचार येतो, म्हणून पुढची टेस्ट, एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशन (ते जनुक गाठीतच बंद पडलंय का ते बघणारी), ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे बिघाड गाठीपुरता, घराण्यातून आलेला असण्याची शक्यता फार कमी. बघितलं तर हे सगळं त्याच पाच तुकड्यांतून निघालं, म्हणून टिश्यू भरपूर आणि चांगला हवा. पहिल्या अपुऱ्या नमुन्यात कॅन्सरच्या चार पेशी कशाबशा सापडल्या असत्या तरी एवढी माहिती त्यातून मिळाली नसती.

पुढचं थोडक्यात. एमआरआय केला, ईजीएफआर ३० च्या वर असल्याने गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन) द्यायला अडचण नव्हती, आजार स्नायूच्या निम्म्याहून कमी खोलीत. भूलतज्ज्ञांनी स्लीप ॲप्नियाची तपासणी आधी करून घेतली, डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद. लॅप्रोस्कोपीने गर्भाशय, ट्यूब आणि ओव्हरी काढल्या, सेंटिनल नोड (कॅन्सर पसरला तर आधी जिथे जातो त्या लसीकाग्रंथी) घेतले. गर्भाशय अख्खंच्या अख्खं योनीमार्गे बाहेर, आत तुकडे करायचे नाहीत म्हणजे नाहीत. २०१४ मध्ये एफडीएने पॉवर मॉर्सेलेटरबद्दल (पोटात गर्भाशयाचे तुकडे करायचं यंत्र) इशारा दिला होता, फायब्रॉइड समजून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीला सार्कोमा (स्नायूसारख्या ऊतीचा कॅन्सर) असू शकतो आणि तुकडे करताना तो पोटभर पसरतो असा त्यांचा अंदाज होता. तिथे कॅन्सर माहीत नसतो म्हणून वाद तरी होतो, इथे निदान हातात असताना मॉर्सेलेटर जवळही आणायचा नाही. पेशी सांडण्याची भीती बाळगायचीच असेल तर ती इथे बाळगा, कॅमेऱ्यापेक्षा इथे ती जास्त खरी आहे.

फायनल रिपोर्ट: ग्रेड १, स्नायूत निम्म्याहून कमी, रक्तवाहिन्यांत पेशी नाहीत, नोड निगेटिव्ह. फिगो २०२३ प्रमाणे स्टेज आयए२, म्हणजे सुरुवातीची. आणि पोटाच्या धुवणात कॅन्सरच्या पेशी पॉझिटिव्ह.

मुलगा रिपोर्ट घेऊन आला तो सरळ त्याच ओळीवर बोट ठेवून. ‘बघा, मी म्हणत होतो.’ डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्या पेशी हिस्टेरोस्कोपीमुळे गेल्या की गाठ ट्यूबच्या तोंडाशीच असल्यामुळे आधीपासून जात होत्या, हे एका पेशंटमध्ये सांगता येत नाही, तसं त्याला स्पष्ट सांगितलं. स्टेज त्याने बदलत नाही. ट्यूमर बोर्डमध्ये (वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र बैठक) केस ठेवली, बाकी सगळ्या गोष्टी कमी धोक्याच्या, २०२१ च्या युरोपियन गाइडलाइन्सप्रमाणे अशा गटाला रेडिएशन किंवा केमो लागत नाही, फक्त या पॉझिटिव्ह धुवणामुळे उपचार वाढवायचे का यावर एका डॉक्टरांचं मत थोडं वेगळं होतं, शेवटी न वाढवण्याचं ठरलं आणि फाइलमध्ये दोन्ही मतं कारणांसकट लिहून ठेवली. मग मुलाने विचारलं, हिस्टेरोस्कोपी केलीच नसती तर? तर हातात फक्त अपुरा रिपोर्ट होता आणि डाव्या कोपऱ्यात वाढणारी गाठ. तो गप्प बसला, पटलं की नाही ते माहीत नाही.

फॉलोअप सुरुवातीला दर काही महिन्यांनी, प्रत्येक वेळी विचारपूस आणि तपासणी, लक्षणं नसताना उगाच सीटी स्कॅन नाही. काकूंना परत ब्लीडिंग, पोट फुगणं, पाय सुजणं, सततची पाठदुखी अशी यादी दिलीय. सुनेने शेवटी विचारलं की नणंदेची तपासणी करायची का, तर मिथायलेशन पॉझिटिव्ह आलंय आणि घरात दुसरं कुणाला कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर नाही, त्यामुळे जेनेटिक टेस्टची गरज नाही असं सांगितलं. वजन आणि शुगर मात्र त्यांनीही बघावी.